साळवेमावशी आणि तीन हात

निर्मला साळवे यांना आमच्या कारखान्यात सगळे मावशी म्हणत. शेठही म्हणत, आणि शेठ वयाने त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठे होते. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात मी उत्पादन विभागात लागलो, त्या पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं की कागदावर जोडणी विभागाचे प्रमुख तुम्ही, पण काही अडलं तर मावशींना विचारायचं. ते मला तेव्हा फारसं रुचलं नव्हतं. मी इंजिनिअर, त्या सातवी शिकलेल्या.

आम्ही फवारणीचे पंप बनवतो, शेतकरी पाठीवर अडकवतात ते. पंपाच्या दांडीला हाताने दाबायचा खटका असतो आणि त्याच्या आत अंगठ्याएवढा एक वॉल्व्ह. प्लॅस्टिकची बारकी डबी, तिच्यात रबरी वायसर, वर स्प्रिंग, दट्ट्या आणि झाकण. एवढासा जिन्नस, पण तो नीट बसला नाही तर औषध शेतकऱ्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. हे वॉल्व्ह जोडायच्या टेबलावर मावशी बावीस वर्षं बसल्या. सुरुवातीला एकट्या, नंतर त्यांच्या हाताखाली चौघीजणी.

ठेंगणी, सावळी, सडपातळ बाई. सुती साडीवर कारखान्याचा निळा अंगरखा घालायच्या, त्याची बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली. कामाला बसण्याआधी चौघींचे हात साबणाने धुऊन घ्यायच्या आणि तळवे पुढे करायला लावून वास घ्यायच्या. डोक्याच्या तेलाचा हात वायसरला लागलेला त्यांना चालत नसे. कुणाचं काम बिघडलं तर बोलायच्या नाहीत. बिघडलेला वॉल्व्ह उचलायच्या, जिचा असेल तिच्यासमोर टेबलावर उभा करून ठेवायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. दिवसभर तो वॉल्व्ह तिथं उभा राहायचा. संगीता नावाची त्या चौघींतली सगळ्यात चुणचुणीत बाई मला एकदा म्हणाली होती, की सर, त्यापेक्षा मावशींनी दोन शिव्या दिलेल्या बऱ्या.

जेवणाच्या सुट्टीत भाकरी ज्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली असे ते पत्र त्या वाचत. तारीख कुठलीही असो. ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत, हळूहळू, पण वरपासून खालपर्यंत. निधनाच्या बातम्या, निविदा, बियाण्यांच्या जाहिराती, सगळं. कुणी हसलं तर म्हणायच्या, “छापलंय ना कुणीतरी? मंग वाचायला नको?”

त्यांच्याबद्दलचं माझं मत बदललं ते वायसरच्या एका खेपेमुळे. नव्या पुरवठादाराकडून माल आला होता. मी मापं घेतली, व्यास बरोबर, जाडी बरोबर, आणि माल पास केला. तासाभराने मावशींनी टेबल थांबवलं. मी धावत गेलो. त्यांनी एक वायसर माझ्या चिमटीत दिला आणि म्हणाल्या की हा हाताला कोरडा लागतोय. मी मापं दाखवली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि टेबल काही सुरू केलं नाही. शेठ आले, आवाज चढवून बोलले, हंगाम तोंडावर आहे याची आठवण करून दिली. मावशींनी एका वाटीत फवारणीचं औषध कालवलं, त्यात पाच जुने आणि पाच नवे वायसर टाकले आणि म्हणाल्या, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी नवे पाचही वायसर भिजवलेल्या हरभऱ्यासारखे फुगले होते. शेठनी माल परत पाठवला. मावशींनी मला त्या दिवशी एका शब्दाने काही म्हटलं नाही. फक्त संध्याकाळी घरी जाताना माझ्या टेबलावर एक फुगलेला वायसर ठेवला होता, उभा.

रोबोटचा विषय निघाला तो या गोष्टीनंतर दोन वर्षांनी. शेठ कुठलंतरी प्रदर्शन पाहून आले होते. टेबलावर मावतील असे छोटे रोबोटचे हात आता हलक्या जोडणीसाठी मिळतात, आपल्याकडेही एक घेऊ, वायसर बसवायचं काम त्याला देऊ, असं त्यांनी ठरवलं आणि निवड माझ्याकडे सोपवली. मला फार आनंद झाला होता. मी तीन कंपन्यांकडून माहिती मागवली आणि एक तक्ता केला. किती वजन उचलतो, किती लांब पोहोचतो, एका मिनिटाला किती फेऱ्या, पुन्हापुन्हा त्याच जागी येताना केसाएवढी तरी चूक होते का. पहिला हात चार सांध्यांचा होता आणि वेगात बाकी दोघांना मागे टाकत होता. दुसरा सहा सांध्यांचा, बऱ्यापैकी वेगवान, पण भोवती जाळीचा पिंजरा लागणारा. तिसराही सहा सांध्यांचा, माणसाचा धक्का लागला की थांबणारा, त्यामुळे पिंजऱ्याशिवाय चालणारा, पण तिघांत सगळ्यात संथ. शेठना तिसरा आवडला होता, कारण आल्यागेल्याला जवळून दाखवता आला असता. माझ्या तक्त्यात पहिला उघडउघड जिंकत होता. तसा अहवाल मी लिहून ठेवला होता. फक्त बायकांना एका वॉल्व्हला किती वेळ लागतो तेवढं मोजायचं बाकी होतं.

म्हणून मी मोबाइलवर सेकंद लावून टेबलाशी उभा राहिलो. मावशींनी थोडा वेळ पाहू दिलं. मग विचारलं, “काय मोजून राह्यले, भाऊ?”

मी सगळं सांगितलं. तक्ताही दाखवला. त्यांनी बोट फिरवत तो वाचला, न कळलेले शब्द मला विचारले आणि म्हणाल्या की एक वायसर तुम्ही बसवून दाखवा. पण मनगट अजिबात वळवायचं नाही, सरळ वरून खाली.

मी वायसर चिमटीत धरला, डबीत सरळ खाली दाबला. तो दुमडला. दुसरा दुमडला. तिसराही. मग त्यांनी स्वतःचा डावा हात माझ्यासमोर धरला आणि तेच काम इतक्या सावकाश केलं की लहान मुलाला कळावं. डबीच्या तोंडाला आतून एक बारीक ओठ आहे. वायसरची एक कड त्यांनी तिरकी करून त्या ओठाखाली सरकवली आणि मग मनगट किंचित फिरवून बाकीचा वायसर मागोमाग आत घेतला. पापणी लवते ना लवते एवढ्यात होणारी गोष्ट. तीन वर्षं मी त्या टेबलाशेजारून रोज जात होतो आणि ती मला दिसली नव्हती.

“तुमच्या पहिल्या नंबरवाल्याला असं वळता येतं का?” त्यांनी विचारलं.

मी माहितीपत्रक काढून पाहिलं. त्याला फिरता येत होतं, वरखाली होता येत होतं. कलता येत नव्हतं.

तरीही मी हट्टाने तिन्ही कंपन्यांना प्रात्यक्षिकाला बोलावलं. मावशींनी एकच अट घातली. विक्रेते स्वतःच्या पेटीतून चकचकीत नमुने आणतात ते नकोत, आपल्या ट्रेमधले वायसर आणि आपल्याच डब्या द्यायच्या, कडेला बारीक काटे राहिलेल्या डब्यासुद्धा. पहिल्याने दहातले सहा वायसर दुमडले. त्याचा माणूस घाम पुसत म्हणाला की डबीचा साचा बदलला तर जमेल. मावशींनी त्याला पाणी दिलं आणि त्याचे पाय दुखले असतील म्हणून स्टूल दिलं.

दुसऱ्याने दहाही नीट बसवले, तेही झपाट्याने. मला हायसं वाटलं. मावशी मात्र पिंजऱ्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि विचारलं की ट्रेमध्ये दोन वायसर चिकटून अडकले तर काय. विक्रेता म्हणाला, दार उघडायचं, सगळं थांबतं, मोकळं करून पुन्हा सुरू करायचं. वायसर तर दर थोड्या वेळाने चिकटतातच, हे मलाही ठाऊक होतं. मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “इतका पळून हा जाणार कुठं, भाऊ? पुढं पाण्याच्या तपासणीला एकच बाई बसती. तिच्या पुढ्यात ढीग लागंल, अजून काय?”

वेगाचा रकाना मी तक्त्यात सगळ्यात वर ठेवला होता. पुढच्या टेबलाचा विचार मी केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिसरा आला. संथ होता, खरंच. दहातले नऊ बसवले आणि दहावा नीट बसत नाही असं जाणवताच आपणहून बाजूला टाकला. विक्रेता अजून समजावून सांगत होता, तोच मावशी पुढे झाल्या आणि चालत्या हाताच्या वाटेत त्यांनी आपला उघडा तळवा धरला. तो हात आला, तळव्याला टेकला आणि थांबला. त्यांनी तळवा काढून नीट पाहिला, मग दंड पुढे केला, मग खांदा. तिन्ही वेळा तो थांबला. “आता बसा गं,” त्या चौघींना म्हणाल्या. माझ्या आधी, शेठच्या आधी, त्यांनी ते स्वतःवर करून पाहिलं होतं.

तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे दुपारची ती जातेच. रोबोट चिमटीत वायसर धरून तसाच उभा राहिला. पाच मिनिटांनी दिवे आले तरी तो हलला नाही. विक्रेता ओशाळून म्हणाला की पुन्हा सुरू करायला माणसाने पडद्यावर बटण दाबावं लागतं. मावशींना त्यात ओशाळण्यासारखं काही वाटलं नाही. “चांगलं हाय की,” त्या म्हणाल्या. “बाईचा हात आत असताना लाईट आली तर?” बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार, कुठून येणार, सुट्टीच्या दिवशी येणार का, हे त्यांनी मग दोनदा विचारलं आणि संभाजीनगरच्या माणसाचा नंबर माझ्याकडून वहीत लिहून घेतला.

निवड झाली. शेठ खूश होते, त्यांना हवा तोच हात ठरला होता. मी अहवाल नव्याने लिहिला आणि मावशींनी वाचावा म्हणून त्यांच्याकडे दिला. मला तेव्हा त्यात वेगळं काही वाटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या तो वाचत होत्या. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथं मी लिहिलं होतं, ‘चार हातांची बचत.’

“भाऊ,” त्यांनी विचारलं, “हे चार हात म्हंजी कोण?”

समोर संगीता डबा धूत होती, तिच्या बाजूला बाकीच्या तिघी एकीच्या फोनवर काहीतरी पाहत होत्या. मावशींनी कागद घडी करून अंगरख्याच्या खिशात ठेवला आणि दुपारच्या चहानंतर मला घेऊन शेठच्या खोलीत गेल्या.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी मावशींना बसवलं, चहा सांगितला. मावशी बसल्या, चहा घेतला नाही. त्या म्हणाल्या की मशिन येऊ द्या, मला हवंय मशिन. वायसर दाबून दाबून या पोरींची मनगटं जातात, ते काम माणसाचं न्हाईच. पण वायसर कसा बसवायचा ते मशिनला आम्ही शिकवायचं आणि शिकवून झाल्यावर घरी जायचं, हे माझ्याच्यानं होणार न्हाई.

“मावशी, मलाही कारखाना चालवायचाय,” शेठ म्हणाले.

“मीबी तेच म्हणून राह्यले. मागच्या शेडमधी परत आलेल्या पंपांचा ढीग हाय. गळके. दहातला एक वॉल्व्ह पाण्यावर तपासतो आपण, नऊ तसेच जातात. बायाच न्हाईत म्हणून. या मोकळ्या झाल्या तर दहाच्या दहा तपासून निघतील.”

शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की हे खरं आहे का. मी हो म्हणालो. मग न विचारताच हेही सांगितलं की अहवालातलं ते वाक्य माझं आहे आणि ते लिहिताना परत आलेल्या मालाकडे मी पाहिलं नव्हतं. शेठनी दोन दिवस मागितले. मावशींनी आभार मानले आणि उठल्या. बाहेर आल्यावर त्या नळावर गेल्या आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः टेबलाशी आले. दोघी पाण्याच्या तपासणीला, एक पॅकिंगला, आणि संगीताला रोबोट चालवायला शिकवायचं, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. संगीताचं नाव मावशींनी सुचवलेलं होतं. बाहेरून डिप्लोमावाला घ्यावा असं माझ्या मनात होतं, ते मी बोललो नाही आणि बरं झालं.

रोबोट आला. या जातीच्या हाताला मनगटाशी धरून आपण जसं फिरवू तसं तो लक्षात ठेवतो. शिकवायला अर्थातच मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं, डबीपर्यंत आणलं, कलवलं, आणि त्यांचा उजवा हात तिथंच अडकला. पुन्हा आणलं, पुन्हा अडकला. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण ओठ पांढरे झाले होते. संगीता हळूच म्हणाली की मावशींचं उजवं मनगट वर्षभरापासून वळत नाही, रात्री बोटं बधिर होतात, आम्हाला कुणाला सांगू देत नाहीत. वर्षभर त्या डाव्या हाताने काम उरकत होत्या आणि आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

मावशी बाजूला झाल्या. संगीताला म्हणाल्या, “तू धर. मी सांगते.”

मग तो अर्धा दिवस आम्ही सगळ्यांनी पाहिला. मावशी डोळे मिटून उभ्या होत्या आणि बोलत होत्या. थोडं डावीकडं. आता कड टेकली का? दाबू नको. तिला जाऊ दे. आता फिरव, इतकं न्हाई, निम्मं. संगीता धरून फिरवत होती आणि रोबोट मुकाट्याने शिकत होता. चारच्या सुमाराला त्याने एकट्याने पहिला वायसर बसवला. मावशींनी डबी उचलून बोट आत घालून पाहिलं आणि ती ट्रेमध्ये ठेवली. टेबलावर उभी केली नाही, हे बघून संगीता रडायलाच लागली.

पॅकिंगला दिलेल्या बाईला ते काम मात्र मानवलं नाही. दिवसभर उभं राहून तिची कंबर धरायची. चार महिन्यांत ती सोडून गेली. मावशी तिच्या घरी जाऊन आल्या. आल्यावर मला म्हणाल्या की चूक माझी झाली, तिला कुठं जायचंय ते मी तिला इचारलंच न्हाई, परस्पर ठरवलं. यावर मी काहीतरी समजूत घालायला गेलो, तर त्यांनी हाताने थांबवलं.

वर्षअखेरीला त्यांनीही काम सोडलं. निरोपाला शेठनी साडी दिली, संगीताने भाषण करायचं ठरवलं होतं ते तिला जमलं नाही. मावशी आपल्या गावी, केदारखेड्याला, भावाच्या घराशेजारी राहायला गेल्या. भोकरदनला त्यांची मुलगी शाळेत शिक्षिका आहे, तिनं संभाजीनगरला नेऊन त्यांच्या मनगटाचं ऑपरेशन करून आणलं, असं मध्यंतरी कळलं.

गेल्या भाद्रपदात धावड्याच्या एका दुकानदाराच्या कामासाठी मी त्या बाजूला गेलो होतो. परतताना केदारखेड्यात गाडी थांबवून घर विचारलं. विचारावं लागलंच नाही फारसं, पंपवाल्या मावशी म्हटल्यावर एकाने बोट दाखवलं. पत्र्याच्या सावलीत पोतं अंथरून त्या बसल्या होत्या. समोर चार-पाच फवारणीचे पंप आडवे पडलेले. आसपासच्या गावांतले लोक दुरुस्तीला आणत होते. मला पाहून म्हणाल्या, “जय भीम, भाऊ. कवा आल्ते इकडं? बसा, चहा टाकायला सांगते.” आणि समोरच्या माणसाचा पंप खोलू लागल्या.

पंप आमच्याच कारखान्याचा होता. खटक्यातून गळतो अशी त्याची तक्रार होती. मावशींनी वॉल्व्ह बाहेर काढला, झाकण फिरवून उघडलं, स्प्रिंग काढून पदरावर ठेवली. मग डबी माझ्याकडे देऊन विचारलं की नंबर वाचा, कधीचा आहे. मी तळाचा नंबर वाचला. रोबोट आल्यानंतरचा होता. तसं सांगितलं.

त्यांनी डबी परत घेतली, उन्हाकडे धरून एका डोळ्याने आत पाहिलं आणि करंगळी घालून कडेकडेने सावकाश फिरवली. एक फेरी, दुसरी फेरी. शेतकरी अधीर झाला होता. त्यानं विचारलं की वायसर गेला असंल ना, नवा टाकावा लागंल?

“न्हाई,” मावशी म्हणाल्या. “वायसर बराबर बसलेला हाय. गाळणी फाटलीय तुमची, कचरा आत गेलाय. पाणी कपड्यानं गाळून भरत जा.”

त्यांनी वॉल्व्ह पाण्यात खळबळून धुतला, जोडला, त्याच्या हातात दिला. चहा आला. मी तो पिऊन होईपर्यंत त्यांनी पुढच्या माणसाला सावलीत बसायला सांगितलं होतं आणि त्याचा पंप मांडीशी ओढून घेतला होता.